कवटीची खालची बाजू

१४ मे २००५
सकाळी उठल्याबरोबर स्टुलावर चढलो आणि पंख्याची पाती काढून माळ्यावर टाकली. काल तात्या नेहमीसारखा गप्पा मारायला आला आणि सवयीने बटण दाबलं. वारा सौ.च्या डाव्या गालाला लागला. ती ओरडलीसुद्धा नाही. हातातलं ताट तसंच धरून भिंतीला टेकली. डोळे मिटलेले, नुसतं पाणी गळत होतं. तात्या, सख्खा भाऊ माझा, अंगणात जाऊन डोक्याला हात लावून बसला. त्याचा दोष नाही. माणसाच्या सवयीवर भरवसा ठेवण्यापेक्षा पातीच काढलेली बरी.
ऐन मे. बनियन पिळून वाळत घालावं लागतंय. दुपारी गोळीने थोडा उतार पडला तेव्हा सौ. वर बघून म्हणाली, "काय ओ, पंख्याची मुंज केलात?"
किती दिवसांनी हसलो.

३० मे
कुडाळला दाताच्या डॉक्टरांकडे. सौ. म्हणत होती आता शेवटची दाढ राहिली आहे डावीकडची, ती काढली की सुटले. खालची डावी बाजू तिने अशीच एकेक करून रिकामी करून घेतली आहे. प्रत्येक दात काढल्यावर चार दिवस बरं वाटायचं. मग कळ पुन्हा तिथेच, जिथे आता दातच नाही. गावात सगळे हेच म्हणतात, दाढेचं दुखणं मेलं वाईट. मीही तेच म्हणत होतो.
डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि हत्यार खाली ठेवलं. "बाई, ही दाढ शाबूत आहे. मी काढणार नाही." चिठ्ठी दिली. गोव्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.
एसटीत सौ. पदराने गाल झाकून बसली होती. एकदाच बोलली. "दात दुखता म्हणान सांगलंय, तर हे माका येडी ठरवतत."

१८ जून
गोव्याला जाऊन आलो. पाऊस.
मेंदूचे डॉक्टर वयाने लहान, पण शांत. त्यांच्या टेबलावर एक कवटी होती, प्लॅस्टिकची. माझ्या लेखी कवटी म्हणजे डोळ्यांच्या खाचा आणि दात. त्यांनी ती तळहातावर उलटी केली. नारळाचे डोळे बघायला मी वखारीत नारळ फिरवतो, अगदी तशी. खालून ती माणसाची वाटतच नाही. मागे एक मोठं गोल भोक, पाठीच्या कण्यातली दोरी त्यातून वर जाते. त्याच्या बाजूंना दोन गुळगुळीत उंचवटे. सगळं डोकं त्या दोघांवर तोललेलं. पुढे टाळू आणि दातांची कमान. आणि या दोहोंच्या मधे एक ओबडधोबड, काटेरी, भोकाभोकांचा प्रदेश. ओहोटीला उघडा पडलेला खडक असतो तसा.
त्यातल्या एका लांबट भोकात त्यांनी पेनाची कांडी घातली. "हें पळयात काका. खालच्या जबड्याची शीर इथून बाहेर येते. ती बिथरली आहे. दुखणं हिचं. दात बिचारे निर्दोष."
सौ.ने तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून रिकामी हिरडी चाचपली. मला दिसलं.
आधी गोळ्या वाढवून बघू म्हणाले. नाही भागलं तर ओठाच्या कडेला गालातून लांब सुई घालून त्या लांबट भोकापर्यंत न्यायची आणि शीर थोडी जाळायची. कळ जाईल असं वाटतं. तो अर्धा जबडा बधिर होईल. दुखणं परत उलटूही शकतं. क्वचित त्याहून वाईटही होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

१९ जून
दिवसभर नारळ सोलून घेत होतो. प्रत्येक नारळ उलटा करून बघायचो. तीन डोळे. त्यातला एकच मऊ, कोंब तिथूनच फुटतो. गडी म्हणाला, "शेटनू, नारळ इकूचे हत की त्येंची पत्रिका बघूची हा?"

२४ जुलै
तात्याची नमू होमिओपॅथीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत आली ती पिशवीतून खरी कवटी घेऊन. वरच्या वर्गातल्या मुलीकडून घेतलेली. परीक्षेत हाडं ओळखावी लागतात. तात्याच्या बायकोने उंबऱ्याबाहेरच अडवली. "घरात देव हत गो!" नमू रडवेली माझ्याकडे आली. आमच्या घरातही देव आहेत. शेवटी वखारीत, नारळाच्या सोडणाच्या ढिगामागे फळीवर जागा दिली.
कोणाची असेल? नमू म्हणते कोणालाच माहीत नसतं. सकाळी देवपूजा झाल्यावर एक तगरीचं फूल नेऊन ठेवलं. मग कोणी बघेल म्हणून उचललं. मग पुन्हा ठेवलं.
सौ.ला सांगितलं, तिच्यापासून काही लपत नाही. संध्याकाळी ताट वाढताना हळूच म्हणाली, "तुमच्या पावण्याक जेवण नेलात?"

१३ ऑगस्ट
बोलणं जवळजवळ बंद. ओठ हलला की कळ येते. वीज पडावी तशी, म्हणाली होती एकदा. आता हातांवर काम चालतं. उजवा हात वर म्हणजे होय, डावा म्हणजे नाही. कोणी ठरवलं नाही, आपोआप झालं. आमच्या गावच्या माणसाला उजवं-डावं शिकवावं लागत नाही, देवाच्या कौलाचीच भाषा ती.
मासेवाली आली. सौ. सुरमईला हात लावते, भाव ऐकते, डावा हात वर. परत भाव. परत डावा. मासेवाली वैतागली. "वैनीनू, तुमी भांडल्याशिवाय माका भावच सांगूक येना नाय. कायतरी शिवी तरी घाला!" सौ.चे डोळे हसले, तोंड नाही. मासेवालीने एक तुकडा जास्त टाकला आणि टोपली उचलताना पदराने डोळे पुसले.
सुरमई मीच खाल्ली. सौ.ने पेज, तीही कोमट, उजव्या बाजूने.

९ सप्टेंबर
घरात गणपती. आरतीला सौ. नुसत्या टाळ्या वाजवत होती. दर वर्षी तिचाच आवाज सगळ्यांच्या वर असतो, तात्या चिडवायचा, "वैनी, देवाक बहिरो करशात." या वेळी तात्याने आरती खालच्या आवाजात धरली.
विसर्जनाला मूर्ती उचलताना हात तळाला गेला. वर रंग, सोनेरी काठ, डोळ्यांची आखणी. तळाला काही नाही. कच्ची माती, खरखरीत, आणि घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे. पाण्यात उतरेपर्यंत मी त्या ठशांत बोटं घालून होतो.

१६ ऑक्टोबर
नमू परत आली आहे, परीक्षा जवळ. वखारीत पोत्यावर बसून घोकते. मी समोर बसतो. नावं माझ्या तोंडात बसत नाहीत. मी माझी ठेवली आहेत. मोठं भोक, लांबट भोक, त्याला खेटून काट्याचं बारीक भोक, मागे रक्तवाहिनीची वाट.
कवटी उलटी धरली की तिची डावी बाजू माझ्या उजवीकडे येते. दर वेळी चुकतो. नमू म्हणते, "काकानू, बाजू त्येची धरूची. तुमची नाय."
आज खराट्याची एक हीर घेतली आणि डोळे मिटून गालाच्या बाजूने आत घालायला गेलो, डॉक्टर घालतील तशी. अडखळत अडखळत शेवटी हीर सरकन आत गेली. इतका आनंद झाला! डोळे उघडले तर नमू हसत होती. "गेली तुमची पेशंट! लांबट भोक ह्या पुढे रवला. तुमी घुसलात रक्ताच्या वाटेत."
मग तिने हीर माझ्या हातातून काढून घेतली, मोडली आणि म्हणाली, "काकानू, डॉक्टर मशीनवर बघत घालतत. असा आंधळ्यान नाय." मग पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही.
दोन भोकांत बोटाच्या पेराएवढंही अंतर नाही.
शिकायला नको होतं. हाताला आलं काहीच नाही, भीतीला मात्र नेमकी जागा मिळाली.

२० नोव्हेंबर
सौ. विहिरीवर पडली. गोळ्यांनी तोल जातो. कपाळाला खोक. रक्त तपासलं तर अंगातलं मीठही गोळ्यांनी उतरलेलं. गोव्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आता गोळ्या वाढवता येणार नाहीत, कमीच कराव्या लागतील. सुईचा विचार करा.
कमी केल्या तर कळ. वाढवल्या तर विहीर.

४ डिसेंबर
सौ.ला न सांगता देवळात गेलो. आमच्या घरात विहीर खणली ती कौल घेऊन, वखार घातली ती कौल घेऊन. एवढी मोठी गोष्ट रवळनाथाला न विचारता कशी करू?
आबा गुरवांनी पाषाण ओला केला, दोन्ही अंगांना फुलांचे कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, ह्या लेकरान आपल्या घरकारणीची व्यथा तुझ्या पायाकडे ठेवल्यान हा. तिका भायर नेऊन ती सुई घालून घेऊक तुझी आज्ञा असली तर उजवो दी, नसली तर डावो दी म्हाराजा."
"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. मी एकटाच होतो म्हणायला.
बराच वेळ काही नाही. समोर पाषाण, काळा, ओला. मला उगाच वाटलं, याचीही खालची बाजू जमिनीत आहे, कोणी पाहिलेली नाही.
कळा पडला. माझ्या उजवीकडचा. "लागलो!" मी ओरडलोच.
आबांनी मान हलवली. "डावो रे. देवाचो डावो. बाजू देवाची धरतत. तुझी नाय."
हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून बघतोय. पण त्या क्षणी खरंच वाटलं की उजवा.

५ डिसेंबर
नमूही तेच म्हणाली होती, बाजू त्याची धरायची.
सौ.ला काही बोललो नाही. तिने विचारलं नाही.

२ जानेवारी २००६
नमू कवटी घेऊन गेली, दुसऱ्या मुलीला द्यायला. पास झाली. पेढा दिला, म्हणाली, "परीक्षेत लांबट भोकच इचारल्यानी." फळी रिकामी. तगरीचं फूल सवयीने नेलं, तसंच परत आणून देवाला वाहिलं. देवाला कळलंच असेल कुठून फिरून आलं ते.

१९ जाने.
कळ. कळ. कळ.

२८ जाने.
सौ.ची आई वालावलहून आली. तिचं म्हणणं, गालाला तापल्या सळईचा डाग द्या, तिच्या दिराचं तसंच बरं झालं होतं. मी नाही म्हणालो. म्हातारी चिडली. "तुमी नुसते देवाच्या तोंडाकडे बघत बसा. माजा चेडू सुकान जाता."
मी बघतच बसलो आहे. देवाचा शब्द मोडवत नाही आणि हिचं तोंड बघवत नाही.

११ फेब्रुवारी
पेजही उतरत नाही. पाणी चमच्याने. कुंकू लावायलाही आरशापुढे जात नाही, आरसा बघितला की तोंड हलतं म्हणून.
सकाळी मी ओसरीवर झावळ्या बांधत होतो. समोर येऊन बसली. बोट ओठाच्या कडेला टेकवलं, न टेकवताच म्हणायचं, हवेतच. सुई. मग दोन्ही हात जोडून देवळाच्या दिशेला वळली. मग माझ्याकडे बघितलं. देवाला विचारा.
मी म्हणालो, "इचारलंय."
तिने उजवा हात अर्धा वर केला, भुवया वर. उजवा?
वाडीत कुणाचा तरी रेडिओ लागला होता. मी झावळीची गाठ घट्ट केली.
"व्हय. उजवो."
तिने डोळे मिटले. मग उठून आत गेली आणि ट्रंकेतून प्रवासाचं लुगडं काढलं.
देवाच्या नावाने खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. गाठ जराही सैल पडली नाही याचंच भय वाटतं.

१२ फेब्रुवारी
पूजेला बसलो. मंत्र सगळे आले. वर बघितलं नाही.

२६ फेब्रु.
आबा गुरव वखारीत आले. नारळ घ्यायचा नव्हता, तरी एक उचलून कानाजवळ हलवत राहिले.
"वैनीक नेतंस म्हणान ऐकलंय."
"व्हय."
"मगे, कौल तर..."
आबांनी नारळ परत ढिगावर ठेवला आणि म्हणाले, "कळो मी लावलेलो रे. तिका कायतरी झाला तर माका वाटतला माझ्या हातान झाला. बरा झाला तर लोक म्हणतले आबाचो कौल खोटो. माजा दोनय बाजूंनी मरण."
मी म्हणालो, "आबा, माजाय."
जाताना कनवटीतून पुडी काढून दिली. अंगारा. "तिच्या उशाक ठेव. कौल डावो पडलो म्हणान अंगारो डावो होना नाय."

८ मार्च
गोव्यात. उद्या सुई. डॉक्टरांनी तिला पुन्हा कवटी उलटी करून दाखवली. तिने आधी बघितलं नाही, मग बघितलं, आणि लांबट भोकावर स्वतःचं बोट ठेवलं. कोणी न दाखवता. मी एवढे महिने शिकून चुकत होतो.
डॉक्टर म्हणाले, मधे थोडं जागं करतील, कुठे मुंग्या येतात ते विचारतील, शीर बरोबर सापडली की नाही ते तिच्याकडूनच कळेल. बोलता नाही आलं तर? सौ.ने उजवा हात वर केला, डावा वर केला. डॉक्टरांना लगेच कळलं. "पुरे," म्हणाले.
सही मी केली. सही करताना मनात आलं, हिने होय म्हटलं ते कशाच्या जोरावर? माझ्या एका शब्दाच्या. देवाचा म्हणून घेतलेला शब्द माझा निघाला. सुई तिच्या गालातून जाणार. नेमकं कशाला होय म्हणाली ते तिला माहीतच नाही.
सांगितलं तर घाबरून परत फिरेल. मग काय, पुन्हा पेज, विहीर, म्हातारीची सळई. नाही सांगितलं आणि आत काही बरंवाईट झालं, तर ती माझ्या खोट्यावर विसंबून गेली.
रवळनाथा, तू तर बोलून मोकळा झालास.

९ मार्च
हे बाकावर बसून लिहितोय.
सकाळी तिला हिरवा झगा घातला, बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. आबांची पुडी उशाखाली ठेवली होती. सिस्टरने काढली, बघितली, आणि होती तिथेच परत ठेवली. भली बाई.
ढकलगाडीबरोबर चालत गेलो. दारापाशी सिस्टर म्हणाली, "काका, इथपर्यंतच."
तिथे वाकलो. उजव्या कानाशी, चांगल्या बाजूने. वारा लागू नये म्हणून श्वास धरूनच बोललो. "आयक गो. कळो डावो पडलो होतो. मी तुका खोटा सांगलंय. तुका नको असला तर आताच परत जाऊया. कोणाक कायेक सांगूचा लागना नाय."
ती छताकडे बघत होती. नंतर माझ्याकडे. रागाने बघेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं. पंख्याची मुंज झाली त्या दिवशी बघितलं होतं, त्याच्या जवळचं काहीतरी होतं ते, पण खात्रीने नाही सांगता येणार.
"काका, सोडा आता. आत थांबलेत."
चादरीखालून हात निघाला. बांगड्यांशिवायचा, बारीक झालेला. बाजू तिची धरून बघितली, माझी नाही. पुन्हा बघितली.
उजवा.
मला माहीत होतं, असं म्हणाली? की माहीत नव्हतं, तरी चला? की फक्त तुम्ही आता गप्प बसा? विचारायला वेळ नव्हता. दार मिटेपर्यंत हात वरच होता.
सांगायचं होतं ते सांगून झालं. बांगड्या खिशात आहेत, उठलो-बसलो की वाजतात. सुई कुठवर पोचली ते अजून कोणी बाहेर येऊन सांगितलेलं नाही.